पाना आहेच, आता पेन्सिलही द्या

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. मालेगावात आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने जुने माग काढून चार रॅपियर माग बसवले. त्यांतला एक सारखा बंद पडत होता, म्हणून कंपनीचा इंजिनिअर बाहेरगावाहून आला होता. मी सहज भेटायला गेलो होतो. पंचविशीतला तो तरुण मागाच्या बाजूला खुर्ची टाकून लॅपटॉप लावून बसला होता. त्याच्याजवळ हत्यारांची पिशवी धरून एक जॉबर उभा होता. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, हे यंत्रमागाच्या गावांत सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगितले.

तासभर तपासणी चालली. मध्येच जॉबर हळू आवाजात म्हणाला, "साहब, आवाज उस तरफ से आ रहा है. पट्टा ढीला है." इंजिनिअरने झाकण उघडून पाहिले. पट्टा खरोखर घासून ढिला झाला होता. तरुण सज्जन होता. त्याने मान्य केले आणि विचारले, "आप कितना पढ़े हो?" जॉबरने उत्तर दिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर को पूछो. इन्हीं का शागिर्द हूँ."

तेव्हा कुठे मी त्याला ओळखले. वीसएक वर्षांपूर्वी तो माझ्या दहावीच्या वर्गात होता.

माझी चूक

त्या काळी आमच्या शाळेच्या टाकीत पाणी चढेनासे झाले होते. मोटार फिरायची, पण पाणी यायचे नाही. शिपाई मिस्त्री शोधायला निघाला, तेवढ्यात हा मुलगा पुढे आला. त्याने पंपाच्या वरचा बोल्ट काढला, बादलीने आत पाणी भरले, बोल्ट घट्ट केला आणि मोटार लावली. पाणी चढले. तो म्हणाला, "सर, खालचा फूट व्हॉल्व्ह गळतोय. पाइपातले पाणी उतरते आणि हवा भरते. हवा असली की पंप ओढत नाही." व्हॉल्व्ह बदलला आणि पंप पुढे कितीतरी वर्षे चालला.

त्याच आठवड्यात मी वर्गात हवेचा दाब शिकवत होतो. त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून "तू पंपाचे काय केलेस, ते सर्वांना सांग" असे म्हणावे, एवढे मला सुचले नाही. उलट चाचणीत बीजगणितात कमी गुण पडले म्हणून मी त्याला रागावलो. दहावीचा निकाल लागला. तो पास झाला होता, पन्नासच्या आसपास टक्के होते. त्याचे वडील पेढे घेऊन आले आणि विचारले, "मास्टर साहब, अब आगे क्या?" मी म्हणालो, "किताब इसके बस की नहीं. हाथ में हुनर है, काम पर लगा दो."

वडिलांनी माझा शब्द मानला. दुसऱ्या दिवसापासून पोरगा कारखान्यात जाऊ लागला.

पन्नास टक्क्यांच्या मुलासाठी तेव्हाही आयटीआय होती, काही शाखांसाठी पॉलिटेक्निकही होते. मी बीएड केलेला शिक्षक, पण ही माहिती मी कधी नीट गोळाच केली नव्हती. माझ्या डोक्यात इंजिनिअर म्हणजे नव्वद टक्क्यांचा मुलगा, एवढेच होते. त्या दिवशी कारखान्यात मी जे पाहिले, त्यात माझाही हात आहे. बिघाड ओळखणारा पिशवी धरून उभा होता आणि बिघाड शोधणारा खुर्चीवर होता. दोघांच्या अकलेत फरक नव्हता. खुर्चीवरच्याला मॅन्युअल वाचता येत होते, आकृती समजत होती आणि त्याच्याजवळ प्रमाणपत्र होते.

निघताना त्याने मला बाहेर गाठले. तक्रारीचा एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "सर, माझी मुलगी आठवीत आहे. घरातला मिक्सर उघडून बसते. तिच्यासाठी काय करू, ते सांगा."

मी त्याच्याकडे आठवडाभराची मुदत मागितली. या वेळी माहिती करून घेऊन उत्तर द्यायचे ठरवले होते. त्याला जे सांगितले, तेच इथे लिहितो आहे. आपल्या समाजात असे जॉबर, मेकॅनिक, वेल्डर, सेंट्रिंगवाले, वायरमन असंख्य आहेत आणि त्यांची मुले आज सातवी-आठवी-नववीत आहेत.

कारागीर आणि इंजिनिअर यांत अंतर किती?

पहिली गोष्ट मी त्याला त्याच्याच कामातली विचारली. कापडात एका इंचात बाण्याचे किती धागे, म्हणजे किती पीक पडणार, हे मागाच्या एका दातेरी चाकावर ठरते. कापडाची जात बदलली की जॉबर ते चाक बदलतो. मी विचारले, "30 दातांच्या चाकाने इंचात 40 पीक पडतात. आता 48 हवेत. कोणते चाक लावशील?" तो क्षणभरही थांबला नाही. "36 चे. पण काही माग उलटे असतात, तिथे 25 चे."

दोन्ही उत्तरे बरोबर. पहिल्या मागावर दात वाढले की पीक वाढतात, म्हणजे सम चलन. दुसऱ्यावर दात वाढले की पीक कमी होतात, म्हणजे व्यस्त चलन. आठवीच्या गणितात 'चलन' नावाचे प्रकरण आहे, त्यात हेच शिकवले जाते. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात शब्द वेगळे, हिशेब तोच. ज्याला मी गणितात कच्चा ठरवले, तो वीस वर्षे रोज हेच गणित तोंडी करत आला आहे. ते त्याला कागदावर मांडता येत नव्हते, आणि मांडायला शिकवणे हे माझे काम होते.

हाताचे ज्ञान मोजून, आकृती काढून, कारण सांगून कागदावर उतरले की दुसऱ्याला ते वापरता येते, त्यात सुधारणा करता येते. इंजिनिअरिंगची सुरुवात इथे होते. आठशे वर्षांपूर्वी दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझारी नावाचा कारागीर होता. पाणी उपसणारी यंत्रे, पाण्यावर चालणारी घड्याळे, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या त्याने बनवल्या. त्याच्यासारखे हुनरवाले त्या काळी आणखीही असतील. पण 1206 साली त्याने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात आकृत्या दिल्या, भाग कसे बनवायचे आणि कसे जोडायचे ते लिहिले. म्हणून आजही जगात त्याची यंत्रे पुन्हा बनवून पाहता येतात. त्याच्या हातात हत्यार होते तसे कलमही होते.

इतके लांब जायचीही गरज नाही. आम्ही मुलांची सहल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नेतो. तिथली पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हौदात पडणारे पाणी बघून, फोटो काढून आपण परत येतो. मुलांना प्रश्न विचारत नाही. हे पाणी काही किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांतून येते. मग मोटारीशिवाय ते इतक्या उंचावरून कसे पडते? दगडी चक्की फिरवण्याइतका जोर त्याला कुठून मिळतो? त्याच शहरासाठी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर काढली. हबशी गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने वसवलेले ते गाव, खडकी. नहरीच्या वाटेवर जागोजागी उंच दगडी खांब आहेत. ते पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी आणि नळात अडकलेली हवा बाहेर जाण्यासाठी आहेत. नळात हवा अडकली की पाणी चालत नाही. माझ्या विद्यार्थ्याने शाळेच्या पंपाबद्दल सांगितले होते, ते दुसरे काय होते?

इंजिनिअर म्हणजे फक्त कॉम्प्युटर नव्हे

आज पालकांना विचारले की इंजिनिअर म्हणजे काय, तर नव्याण्णव घरांत उत्तर येते, "कॉम्प्युटर." कॉम्प्युटरचे शिक्षण वाईट नाही. पण मुलाचा कल कुठे आहे, हे न पाहता गर्दीच्या मागे गेले, की चार वर्षांनी पदवी हातात येते आणि काम येत नाही. अशी मुलेही माझ्या पाहण्यात आहेत.

म्हणून आधी आपल्या घराकडे पाहा. गॅरेज असेल तर मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइल जवळचे. आज विजेवर चालणाऱ्या रिक्षा-स्कूटर आल्या आहेत, तिथे इलेक्ट्रिकलही लागते. बांधकामाचा ठेका घेणाऱ्या घरातल्या मुलाने सळई, सिमेंट, सेंट्रिंग लहानपणापासून पाहिलेले असते, त्याच्यासाठी सिव्हिल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स. फ्रिज-एसीचे काम करणाऱ्याच्या मुलाला उष्णता कशी वाहते, हे पुस्तकाआधी हाताने कळलेले असते. कोकणात लाँच आणि बोटींवर जगणारी घरे आहेत, त्यांच्यासाठी बोटीचे इंजिन आणि जहाजबांधणी. बेकरीवाल्यांसाठी फूड टेक्नॉलॉजी. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसाठी टेक्स्टाइल तर घरचेच. इचलकरंजीत डीकेटीई आणि मुंबईत व्हीजेटीआय इथे टेक्स्टाइलचे शिक्षण मिळते.

घरचाच धंदा करावा, असा याचा अर्थ नाही. वेल्डरची मुलगी कॉम्प्युटर शिकू शकते, इमामसाहेबांचा मुलगा सिव्हिलला जाऊ शकतो. गणिताचे शिक्षक असलेल्या वडिलांचा मुलगा फझलुर रहमान खान ढाक्यात वाढला, शिबपूर आणि ढाक्यात सिव्हिल शिकला, पुढे अमेरिकेत गेला आणि शिकागोचा 110 मजली सिअर्स टॉवर त्याच्या हिशेबावर उभा राहिला. 442 मीटर उंचीची ती इमारत 1998 पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत गणली जात होती. इतक्या उंचीवर वारा इमारतीला ढकलतो. त्यासाठी त्याने अनेक पोकळ नळ्या एकत्र बांधाव्यात तशी रचना केली. एक काडी सहज वाकते, मोळी वाकत नाही, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही दाखवता येईल.

दहावीनंतरचे तीन दरवाजे

आता वाटा. माझ्या विद्यार्थ्याला मी या एका कागदावर लिहून दिल्या.

पहिली वाट आयटीआयची. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डरसारखे काही एक वर्षाचे. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. ही वाट तिथेच संपत नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची, म्हणजे इंजिनिअरिंग डिप्लोमाची. दहावीनंतर तीन वर्षे, सहा सेमिस्टर. प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. ही प्रक्रिया राज्याचे तंत्रशिक्षण संचालनालय चालवते आणि दहावीच्या निकालाच्या सुमारासच ती सुरू होते. डिप्लोमा झाल्यावर नोकरी करता येते, किंवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावी करून चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला दहावीनंतर सहा वर्षे लागतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यालाही सहाच लागतात. वेळ सारखाच, पण मध्येच घरावर अडचण आली तर डिप्लोमावाल्याच्या हातात काहीतरी असते. शासकीय पॉलिटेक्निकची फी खासगी महाविद्यालयाच्या मानाने बरीच कमी. आपल्यातल्या अनेक घरांसाठी मला हीच वाट सर्वांत योग्य वाटते.

तिसरी वाट अकरावी-बारावी विज्ञान शाखेची. पदवी प्रवेशासाठी राज्याची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिच्या 200 गुणांपैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमावरही प्रश्न येतात, म्हणून अकरावी 'आरामाचे वर्ष' समजू नये. देशपातळीवर जेईई मेन आहे, ती मराठी आणि उर्दूसह 13 भाषांत देता येते.

कुठे शिकावे? पुण्याचे सीओईपी 1854 पासून आणि मुंबईचे व्हीजेटीआय 1887 पासून आहे, तिथे चुरस मोठी. शासकीय पॉलिटेक्निक राज्यात ठिकठिकाणी आहेत. भायखळ्याचे अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक स्वातंत्र्यापूर्वीपासून चालू आहे, पनवेलला अंजुमनचेच काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे, आमच्या मालेगावात मन्सुरा परिसरात इंजिनिअरिंगचे शिक्षण मिळते. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत समाजाच्या मुलांसाठी जागा राखीव असतात. मात्र नाव आपल्यातले आहे म्हणून डोळे झाकून जाऊ नका. संस्थेला मान्यता आहे का, प्रयोगशाळेत यंत्रे चालू आहेत का, मागच्या वर्षीची मुले कुठे कामाला लागली, हे स्वतः जाऊन पाहा. आणि 'जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच सलाम करा.

पैसा आणि कागद

आपल्याकडे गाडी इथे अडते. सूदी कर्ज घ्यायचे नाही, म्हणून शिक्षणच नको, असे म्हणणारी घरे मला माहीत आहेत. त्यांच्या तत्त्वाचा मला आदर आहे. पण कर्जाआधी पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत.

ट्यूशन फी माफीच्या योजनेत मंजूर जागांच्या 5 टक्के जादा जागा असतात. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलाला गुणांवर ही जागा मिळते, डिप्लोमालाही आणि पदवीलाही. मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. तंत्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश घेतलेल्या मुलींतून निवड होते आणि वर्षाला 50 हजार रुपये मिळतात. एका घरातल्या दोन मुलींना ती मिळू शकते. राज्य शासनाने 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात.

हे सगळे कागदांवर अवलंबून आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मणियार अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागास वर्गात येतात. तरी पुष्कळ घरांत जातीचा दाखला नाही, कारण शाळेत नाव घालताना नुसते 'मुसलमान' लिहिले गेले. या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना महसुली कागद, जन्म-मृत्यूची नोंद, असे काहीतरी. बारावीच्या निकालानंतर शोधायला निघाल तर उशीर होईल. मुलगा सातवीत असताना पेटी उघडा. पाठोपाठ उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जातपडताळणी. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला पाहावा.

आणि घरातले सोने? डॉ. अब्दुल कलामांना मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा फीला पैसे नव्हते. त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकून भावाची फी भरली. आपल्याकडे दागिने निघतात ते बहुधा लग्नासाठी. एका दावतीतले दोन पदार्थ कमी केले तर पॉलिटेक्निकच्या एका वर्षाचा खर्च निघू शकतो. हा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा.

मुलगी असेल तर

माझ्या विद्यार्थ्याला खरी काळजी हीच होती. "सर, लोक म्हणतील, मुलीला मशीनवर पाठवतो." मी त्याला म्हणालो, "आपल्या घरोघरी बायकांनी कांड्या भरल्या. मशीनजवळ त्या कधी नव्हत्या? फक्त त्यांचे नाव मजुरीच्या वहीत आले नाही."

इंजिनिअरिंगमध्ये ड्रॉइंग आणि डिझाइन आहे, माल तपासणीची प्रयोगशाळा आहे, सॉफ्टवेअर आहे, पॉलिटेक्निकमध्ये शिकवण्याची नोकरी आहे. ज्यांना मुलींची वेगळी संस्था हवी, त्यांच्यासाठी पुण्यात कर्वेनगरला कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुंबईत जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचे उषा मित्तल आहे. दोन्ही फक्त मुलींची. वसतिगृहाची चौकशी अम्मीने स्वतः जाऊन करावी. मनात शंका ठेवून दार बंद करण्यापेक्षा बघून आलेले बरे.

आठवीपासून काय करावे?

इंजिनिअर व्हायचे की नाही, हे आठवीत ठरवू नका. पण पाहायला सुरुवात करा.

घरात बंद पडलेली वस्तू, पंखा, इस्त्री, घड्याळ, फेकण्याआधी मुलांना उघडू द्या. प्लग काढलेला आहे ना, एवढे मोठ्यांनी पाहावे. अट एकच: उघडण्याआधी आकृती काढायची, कोणता स्क्रू कुठला ते लिहायचे आणि पुन्हा जोडायचे.

तीन रकान्यांची वही करा. उर्दू, मराठी, इंग्रजी. नि‍स्बत, गुणोत्तर, रेशो. रगड, घर्षण, फ्रिक्शन. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. रोज तीन शब्द लिहिले तर दहावीपर्यंत दोन हजारांहून जास्त शब्द होतात. आमची उर्दू माध्यमाची मुले पॉलिटेक्निकमध्ये गणिताला घाबरत नाहीत, पहिल्या महिन्यात कानावर पडणाऱ्या शब्दांना घाबरतात आणि मागे पडतात. ही वही त्यांच्यासाठी.

गणिताची भीती असेल तर ती आठवीतच काढा. अपूर्णांक, प्रमाण, समीकरण आणि भूमिती एवढे पक्के असेल तर पुढचे पेलते. आणि वर्षातून एकदा मुलांना जवळच्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये किंवा एखाद्या कारखान्यात घेऊन जा. आधी परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. मुलांनी तिथल्या माणसाला दोनच प्रश्न विचारावेत. तुम्ही दिवसभर काय करता? त्यासाठी काय शिकलात?

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एकच विनंती. दहावीच्या निकालाच्या दिवशी कोणी बाप पेढे घेऊन "आता पुढे काय?" असे विचारेल. त्या वेळी आपल्या खिशात ही माहिती असू द्या. माझ्या खिशात नव्हती, आणि माझ्या एका वाक्याने एका माणसाची वीस वर्षे ठरली.

त्याच्याशी बोलताना एक प्रश्न मला विचारायचाच राहिला होता. पुढच्या भेटीत मी विचारला, "मी त्या दिवशी जे बोललो, त्याचा राग आला नाही?" तो म्हणाला, "सर, तुम्ही 'हाताला हुनर आहे' म्हणालात, तेच लक्षात राहिले. त्याच्यावरच घर चालले." या उत्तराने माझे ओझे कमी झाले नाही.

आता दर रविवारी जोहरनंतर त्याची मुलगी वही घेऊन आमच्या घरी येते. सोबत शेजारच्या दोन मुली आणि माझा पुतण्या असतो. मागच्या रविवारी तिने अब्बांच्या मागाच्या दातेरी चाकांची आकृती काढून आणली. दात मोजून प्रत्येक चाकाखाली आकडा लिहिला होता. मग विचारले, "सर, एवढी चाके का लागतात? दोनच चाकांत हे काम का होत नाही?" मला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही तिच्या अब्बांना बोलावले. तो हात धुऊन आला, वहीसमोर बसला आणि पेन्सिल हातात घेऊन मुलीला समजावू लागला. मीही ऐकत बसलो.

अल्लाह आपल्या मुलांच्या हाताला बरकत देवो आणि त्यांना वाट दाखवण्याची समज आपल्याला देवो. आमीन.